सलूनमधली महागडी उत्पादनं: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: केस खांद्याच्या खाली येतात, दोन वर्षांपासून रंगवतात, टोकं राठ झाली आहेत. केस कापायला गेलं की दर वेळी ऐकावं लागतं, की दुकानातल्या शाम्पूने रंग उतरतो आणि केसांवर मेणाचा थर बसतो. सलूनमध्ये सुचवलेला शाम्पू, कंडिशनर, मास्क आणि सीरम असं सगळं घेतलं तर नेहमीच्या पाचपट खर्च होतो. एवढे पैसे घालून केसांना खरोखर काही मिळतं का?

मी वर्षानुवर्षं खुर्चीमागे उभी राहून केस कापते, रंगवते आणि ही उत्पादनं विकतेही. बऱ्याच सलूनमध्ये विकल्या गेलेल्या प्रत्येक बाटलीमागे कमिशन असतं, काही ठिकाणी महिन्याचं टार्गेटही असतं. गिऱ्हाइकाला हे माहीत असायला हवं. सल्ला त्यामुळे लगेच खोटा ठरत नाही, पण तो देणाऱ्यावर कसला दबाव आहे हे ठाऊक असलं की पुढचे प्रश्न नीट विचारता येतात.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. शाम्पूवर पाचपट खर्च करायची बहुतेकांना गरज नाही. केसांना लागून राहणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे कंडिशनर, न धुता ठेवायचं क्रीम, उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे यांवर खर्च करण्यात अर्थ आहे, तोही केस रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा सारखे स्ट्रेट केलेले असतील तर. ज्या केसांना कधी रसायन लागलं नाही, रोजची इस्त्री लागली नाही, त्यांना साधी चांगली उत्पादनं पुरतात. विकत काय घ्यायचं हे केसांची अवस्था ठरवते, बाटलीवरचं नाव नाही.

का, ते समजून घ्यायला केसाकडे नीट बघावं लागेल. उजेडात उभं राहा, एक बट पुढे घ्या आणि मुळापासून टोकापर्यंत दोन बोटांतून हळूच ओढा. टाळूजवळ बोटं घसरतात, मध्यावर थोडी अडतात, शेवटी खरखर लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षं जुनं असतं. त्या काळात जितक्या वेळा धुतलं, विंचरलं, रंगवलं, तापवलं, ते सगळं त्या टोकाने सोसलेलं असतं. टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे तो स्वतःला दुरुस्त करत नाही. त्याला बाहेरून अन्न मिळत नाही, 'पोषण' होत नाही. जाहिरातीत हा शब्द दिसला की त्याचा अर्थ 'वरून लावलेला थर' असा घ्यावा.

केसाच्या बाहेरच्या बाजूला क्यूटिकल असतं, म्हणजे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले अतिपातळ खवले. माणसाच्या केसात त्यांचे साधारण सहा ते दहा थर असतात. सगळ्यांत वरच्या खवल्यांवर एक विशिष्ट स्निग्ध आम्ल घट्ट बांधलेलं असतं, रसायनशास्त्रात त्याला 18-एमईए म्हणतात. न बिघडलेला केस पाणी झटकून टाकतो आणि बोटातून सुळकन निसटतो तो त्याच्यामुळे. ब्लीच आणि अमोनियासारख्या अल्कधर्मी रंगाने हा थर निघून जातो आणि एकदा गेला की त्या केसावर पुन्हा येत नाही. तिथून पुढे केस पाणी शोषून घेतो, फुगतो, एकमेकांत अडकतो. बाईंच्या टोकांचं राठपण बहुधा इथून आलेलं आहे, घरातल्या शाम्पूमधून नाही.

आता शाम्पू. बाटली महाग असो की स्वस्त, तीत साधारण 70 ते 80 टक्के पाणी असतं. उरलेल्यातला मोठा वाटा मळ सोडवणाऱ्या द्रव्यांचा: सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट, डेसिल ग्लुकोसाइड अशी त्यांची नावं. हीच नावं तुम्हाला सलूनच्या आणि दुकानातल्या, दोन्ही कपाटांत सापडतील. घट्टपणासाठी कधी साधं मीठ, कधी पॉलिमर. वास, रंग, टिकाऊपणासाठी परिरक्षक, आणि कंडिशनिंगसाठी पॉलिक्वाटर्नियम-10 किंवा ग्वारपासून केलेला असाच एखादा घटक. शाम्पूत पाणी मिसळून तो पातळ होऊ लागला की हा घटक मळ सोडवणाऱ्या द्रव्यासोबत बारीक थेंबांच्या रूपात केसांवर बसतो. शाम्पू करून झाल्यावर केस फार गुंतत नाहीत ते त्यामुळे.

हे सगळं टाळूवर मिनिटभर राहतं आणि मोरीत वाहून जातं. ज्या वस्तूचं काम मळ काढून निघून जाणं आहे, तिच्यात महागडं तेल किंवा प्रथिन घातलं तरी त्यातलं केसांवर उरतं फार थोडं.

हे घटक किती प्रमाणात असतात याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. मी सलूनमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या आठवड्यातच हे शिकवते. बाटलीच्या मागच्या यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्क्याच्या खाली गेलेले घटक मात्र कंपनीला हव्या त्या क्रमाने लावता येतात. फिनॉक्सीइथेनॉल नावाचा परिरक्षक पुष्कळ उत्पादनांत असतो आणि युरोपीय संघासह अनेक ठिकाणी त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणून यादीत तो शोधायचा. त्याच्यानंतर जे काही आलं ते एक टक्का किंवा त्याहून कमी आहे असं धरायला हरकत नाही. आता समोरच्या बाजूला मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलेलं अर्गन तेल, केराटिन, मोती किंवा रेशीम यादीत कुठे आलंय ते बघा. बहुतेक वेळा ते सुगंधाच्याही मागे, अगदी शेपटाला सापडतं. दुकानातल्या बाटलीतही तसंच आणि सलूनमधल्या बाटलीतही तसंच.

मेणाच्या थराची गोष्ट सलूनमध्ये फार जुनी आहे आणि मला तिचा खरोखर राग येतो, कारण ती घाबरवण्यासाठी सांगितली जाते. नख केसावरून खरडवून 'हे बघा, काय निघालं' असं दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. नखाखाली पांढरट काही येतं ते टाळूचं तेल, मृत त्वचा आणि कालपरवा लावलेल्या कंडिशनरचा किंवा जेलचा अंश असतो. दुकानातल्या शाम्पूत सहसा मेण नसतं. थर बसू शकतो तो सिलिकोनचा किंवा त्या कंडिशनिंग पॉलिमरचा, आणि दोन्ही घटक सलूनच्या उत्पादनांतही भरपूर असतात. डायमेथिकोन हे सिलिकोन पाण्यात विरघळत नाही हे खरं, पण साध्या सल्फेटच्या शाम्पूने त्याचा बराचसा थर निघतो. थर साचल्यासारखा वाटत असेल, केस जड आणि निर्जीव लागत असतील, तर महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू वापरा. त्यासाठी दुकानातला चालतो. पाणी जड असेल तर ईडीटीए असलेला, म्हणजे कॅल्शियम आणि तांब्यासारखे धातू पकडून काढणारा शाम्पू घ्या. जड पाण्याच्या ठिकाणी केस राठ होण्याचं कारण अनेकदा नळातून येत असतं आणि दोष शाम्पूला दिला जातो.

रंग उतरण्याबद्दल सलूनचं म्हणणं अर्धं खरं आहे. सौम्य शाम्पूने फरक पडतो, पण रंगाचे कण बाहेर काढण्यात सर्वांत मोठा हात खुद्द पाण्याचा असतो. केस ओला झाला की फुगतो आणि रंग बाहेर झिरपतो, मग त्यावर शाम्पू कुठलाही असो. म्हणून चार दिवसांनी केस धुण्याने आणि कोमट पाणी वापरण्याने जेवढा रंग वाचतो तेवढा बाटली बदलण्याने वाचत नाही. सल्फेट नसलेला शाम्पू हवाच असेल तर तो आता साध्या दुकानांतही मिळतो, त्यासाठी सलूनमध्ये जायला नको. उन्हानेही रंग फिका पडतो. उन्हात जाताना डोक्याला रुमाल बांधला तर फुकटात बराच रंग वाचेल.

एका बाबतीत सलूनचे शाम्पू सरासरीने पुढे आहेत, ते सांगायलाच हवं. 2014 साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीमध्ये 123 शाम्पूंच्या पीएचची तपासणी प्रसिद्ध झाली होती. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी वस्तू जास्त आम्लधर्मी. बाजारातल्या लोकप्रिय शाम्पूंपैकी साधारण 38 टक्केच केसांना मानवेल इतके आम्लधर्मी निघाले, सलूनच्या शाम्पूंमध्ये हे प्रमाण 75 टक्के होतं. केसावरचा विद्युतभार पीएच 3.67 च्या आसपास शून्य असतो. त्याहून जास्त पीएचला केसावर ऋणभार येतो, खवले उचलले जातात, केसाला केस घासतो. रंगवलेल्या केसांना हे जास्त जाणवतं. पण आम्लधर्मी शाम्पू स्वस्तातही मिळतात आणि नंतर कंडिशनर लावला तर शाम्पूने केलेलं यातलं बरंचसं भरून निघतं, कारण बहुतेक कंडिशनर आम्लधर्मीच असतात. पीएच मोजायच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. एका वाटीत चमचाभर शाम्पू तेवढ्याच शुद्ध पाण्यात कालवून पट्टी बुडवली की अंदाज येतो.

आणि 'हे संशोधन फक्त सलूनच्या कंपन्यांकडे असतं' हे म्हणणं तर टिकतच नाही. लोरेआल या एकाच कंपनीकडे 1964 मध्ये तिनेच सुरू केलेला केरास्तास आहे, 1993 मध्ये घेतलेला रेडकेन आहे आणि सर्वसामान्य दुकानातला गार्निएही आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने 2003 मध्ये वेला घेतली, तेव्हापासून 2016 मध्ये ती कोटीकडे जाईपर्यंत सलूनची वेला आणि दुकानातलं पॅन्टीन एकाच छताखाली होते. ट्रेसमे मुळात सलूनसाठी काढलेला ब्रँड, आता युनिलिव्हरचा आणि साध्या दुकानात मिळणारा. शोध उलट दिशेनेही गेले आहेत: शाम्पूतूनच केसांवर सिलिकोन बसवण्याचं तंत्र घेऊन 1987 मध्ये 'पर्ट प्लस' बाजारात आला, तो साध्या गिऱ्हाइकासाठीच होता. वरच्या आणि खालच्या श्रेणीत फरक नसतो असं मी म्हणत नाही. सुगंध वेगळा असतो, घटकांची निवड अधिक काळजीपूर्वक असते, विशिष्ट केसांसाठी आखलेली मालिका असते. पण पाचपट किमतीत या फरकाबरोबर छोट्या प्रमाणावरचं उत्पादन, वितरकाचा वाटा, सलूनचा वाटा आणि प्रशिक्षणाचा खर्चही धरलेला असतो.

कंडिशनरकडे आलं की माझं मत बदलतं.

वर सांगितलेल्या ऋणभारामुळे कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाला चिकटतात, आणि जिथे केस जास्त बिघडलेला तिथे जास्त चिकटतात. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, सेट्रिमोनियम क्लोराइड ही त्यांची नावं. सोबत सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल असतं. नावात अल्कोहोल असलं तरी ते केस कोरडे करत नाही, उलट मऊपणा देतं. चांगल्या कंडिशनरमध्ये हे पाण्याच्या पाठोपाठ, यादीच्या पहिल्या चार-पाच नावांत दिसतात. आणखी एक नाव शोधा: अमोडायमेथिकोन. हे सिलिकोन बिघडलेल्या जागी बसतं आणि एकदा बसलं की स्वतःवर फारसा थर चढू देत नाही. सलूनच्या कंडिशनरमध्ये हे घटक एकत्र आणि पुरेशा प्रमाणात असण्याची शक्यता जास्त, असा माझ्या हाताचा अनुभव आहे. पाण्याने धुऊन झाल्यावरही केसांवर जे उरतं त्यासाठीच आपण पैसे देत असतो आणि कंडिशनरमधलं बरंच काही खरोखर उरतं. तरी आधी यादी वाचा. काही साधे कंडिशनर या कसोटीला पूर्ण उतरतात.

लावण्याची पद्धत बाटलीइतकीच महत्त्वाची आहे. शाम्पू झाल्यावर केस हातांनी पिळून घ्या, मग टॉवेलने दाबून टिपा. पाणी निथळत असताना लावलेला कंडिशनर केसांवर बसण्याआधीच पातळ होऊन घरंगळतो. मग तो तळव्यावर चोळून आधी टोकांना, नंतर मध्यापर्यंत लावा, टाळूला लावू नका. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर सरकत विंचरा. केस बोटांतून शेवाळासारखे निसटायला लागले की पुरेसा लागला. दोन-तीन मिनिटं थांबा, धुऊन टाका.

मास्कबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बहुतेक मास्क म्हणजे वर सांगितलेलं सेटिल किंवा सेटिअरिलसारखं स्निग्ध अल्कोहोल जास्त घातलेला दाट कंडिशनर. तुमचा कंडिशनर चांगला असेल तर वेगळा मास्क घेऊ नका, तोच आठवड्यातून एकदा जास्त घेऊन दहा मिनिटं ठेवा. तासभर किंवा रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही.

सीरमची यादीही उघडून बघा. पहिली दोन-तीन नावं सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोनॉल अशी असतात आणि अर्गन तेल खाली कुठेतरी. हे सिलिकोन वाईट नसतात. ते केस गुळगुळीत करतात, घर्षण कमी करतात, टोकं कमी तुटतात. पण साध्या दुकानातल्या सीरममध्येही हेच सिलिकोन असतात, म्हणून इथे जास्त पैसे देऊ नका. तेलाबद्दल एक गोष्ट मात्र ठामपणे सांगण्यासारखी आहे. 2003 साली जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातलं प्रथिन धुताना निघून जाण्याचं प्रमाण फक्त खोबरेल तेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्लाचं रेणू छोटं आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. धुण्याआधी काही तास टोकांना खोबरेल लावणं हे कित्येक महागड्या उपचारांपेक्षा भरवशाचं आहे.

आता अशी उत्पादनं, ज्यांच्यासाठी मी स्वतः गिऱ्हाइकाला पैसे खर्च करा म्हणते.

पहिलं, ब्लीच केलेल्या केसांसाठीचे बाँड-बिल्डर. केसाची ताकद त्याच्या आतल्या गंधकाच्या जोड्यांत असते, ब्लीच त्या तोडतं. 2014 मध्ये क्रेग हॉकर आणि एरिक प्रेसली या रसायनशास्त्रज्ञांच्या शोधावर ओलाप्लेक्स आलं आणि सलूनमधलं ब्लीचचं कामच बदलून गेलं. त्याच्या मुख्य घटकाचं नाव बिस-अमायनोप्रोपिल डायग्लायकॉल डायमॅलेट. तो आत नेमकं काय करतो यावर रसायनशास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण ब्लीच करताना वापरलं की केस कमी तुटतात हे मी रोज बघते. सायट्रिक आम्लावर आधारलेली तशी उत्पादनं आता साध्या दुकानातही आली आहेत आणि ती वापरून बघण्यासारखी आहेत. कधीच ब्लीच न केलेल्या काळ्याभोर केसांना मात्र हे लावून काही उपयोग नाही. तिथे जोडायला तुटलेलं काही नसतंच.

दुसरं, उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे किंवा क्रीम. स्ट्रेटनर अनेकदा 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत केसातलं प्रथिनच बिघडतं. केस ओलसर असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथेच मोडतो. कुठलाही स्प्रे हे पूर्ण थांबवत नाही, पण उष्णता सावकाश आणि एकसारखी पोचवतो. स्ट्रेटनर 180 अंशांच्या आसपास ठेवा, केस पूर्ण कोरडे करा, मग एकाच बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवू नका. हे पाळलं तर स्प्रे स्वस्तातला असला तरी चालेल, आणि हे पाळलं नाही तर सगळ्यांत महागडा स्प्रेही केस वाचवणार नाही.

तिसरं, फिकट सोनेरी किंवा पांढऱ्या केसांसाठी जांभळा शाम्पू. जांभळा रंग पिवळट झाक मारतो. इथे रंगद्रव्याचं प्रमाण महत्त्वाचं असतं आणि सलूनच्या उत्पादनांत ते सहसा जास्त असतं. स्वस्त जांभळे शाम्पू कधी कधी इतके फिके असतात की पिवळेपणा तसाच राहतो.

टाळूचा त्रास असेल तर सलूनचं कपाट सोडून औषधांच्या दुकानाकडे वळा. कोंडा मॅलासेझिया नावाच्या यीस्टशी जोडलेला असतो. त्यावर केटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड, पिरॉक्टोन ओलामाइन असे घटक काम करतात आणि ते टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवावे लागतात. 'डिटॉक्स' म्हणून विकल्या जाणाऱ्या सलूनच्या शाम्पूमध्ये यातलं बहुधा काहीच नसतं. केस विरळ होत असतील तर शाम्पू बदलून ते थांबत नाही, डॉक्टरांना दाखवा. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध अमेरिकेत 1988 पासून मान्यताप्राप्त आहे. 'केस गळणं थांबवणारा' महागडा शाम्पू विकत घेत वर्ष घालवलेली माणसं माझ्या खुर्चीवर येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण गळती लवकर दाखवली असती तर उपचाराला जास्त वाव मिळाला असता. आणि टाळूला खाज, पुरळ येत असेल तर बाटलीवर मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा परिरक्षक आणि सुगंध आहे का ते बघा. दोन्ही ॲलर्जीला कारण होऊ शकतात आणि महागड्या उत्पादनांतही सुगंध असतोच.

'पण सलूनमध्ये धुतल्यावर केस किती छान लागतात' हे मी नेहमी ऐकते. बेसिनवर आम्ही काय करतो ते सांगते. केस आधी पूर्ण भिजेपर्यंत पाणी घालतो, त्यातच धूळ आणि घाम बराच जातो. शाम्पू दोनदा लावतो, पहिल्यांदा थोडा, फेस येत नाही म्हणून जास्त ओतत नाही. बोटांच्या पेरांनी टाळू चोळतो, नखांनी नाही, आणि फेस टोकांवरून फक्त खाली जाऊ देतो. टॉवेलने टिपतो, मग कंडिशनर, मग फणी. त्यानंतर केसांचे भाग पाडून, गोल ब्रशवर ताण देऊन, ड्रायरची हवा मुळाकडून टोकाकडे सोडतो. हवेच्या या दिशेने खवले खाली बसतात आणि प्रकाश सरळ परावर्तित होतो. ती चमक बहुतांशी हाताची आणि ड्रायरची असते. यातलं ड्रायर सोडून बाकी सगळं घरी जमतं.

तरीही महाग बाटली खरंच चांगली आहे का हे स्वतः पाहायचं असेल तर अर्ध्या डोक्याची चाचणी करा. प्रयोगशाळेतही असंच करतात. केसांचा मधोमध भांग पाडा. एका बाजूला नेहमीचं, दुसऱ्या बाजूला नवं. दोन्ही आधी एकसारख्या साध्या बाटल्यांत भरा आणि कुठली कुठली हे घरातल्या दुसऱ्या माणसाला ठरवू द्या, म्हणजे सुगंध आणि नाव मत बनवणार नाहीत. एका धुण्यात कळत नाही, तीन-चार आठवडे करा. दर वेळी केस वाळल्यावर बघा: विंचरायला किती वेळ लागतो, फणीत किती तुटके केस येतात, दुसऱ्या दिवशी कुठली बाजू आधी तेलकट होते. फरक कळत नसेल तर उत्तर मिळालं.

खर्च मोजताना बाटलीची किंमत बघू नका, दर धुण्याचा खर्च काढा. सलूनचे काही शाम्पू खरोखर दाट असतात आणि अर्ध्या मापात काम होतं, मग चौपट किमतीची बाटली प्रत्यक्षात दुप्पट पडते. पण हे काही शाम्पूंबाबतच खरं आहे. बाटली आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, दहा वेळा वापरून पुन्हा तोला, किती ग्रॅम गेलं ते स्पष्ट दिसेल. आणि सलूनचं उत्पादन अनोळखी विक्रेत्याकडे फारच स्वस्तात मिळालं तर घेऊ नका. ते बनावट किंवा जुनं असू शकतं. बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक खोडलेला असेल तर नक्कीच सोडून द्या.

आता बाईंच्या चार बाटल्यांकडे. शाम्पू नको, आता वापरता तोच ठेवा, टाळूला त्रास नसेल तर. मास्क नको. सीरम हवं असेल तर साधं घ्या. कंडिशनर सलूनचा घ्या, पण आधी यादी वाचा आणि छोटी बाटली मागा. स्ट्रेटनर वापरत असाल तर वाचलेल्या पैशातून उष्णतेचा स्प्रे. सलूनमध्ये विचारा: 'माझ्या केसांत नेमकं काय बिघडलंय आणि यातला कुठला घटक त्यावर काम करतो?' नीट उत्तर देणाऱ्या मुलीचा सल्ला पुढेही ऐका. ती चांगली आहे.

आणि पुढच्या वेळी रंग लावायला बसाल तेव्हा काम सुरू होण्याआधीच सांगा, की रंग फक्त नव्या उगवलेल्या मुळांना लावायचा, दर वेळी टोकांपर्यंत ओढायचा नाही. टोकांचा रंग फिका वाटला तर अमोनिया नसलेला आम्लधर्मी ग्लॉस, म्हणजे रंग ताजा करणारा सौम्य हात, शेवटची काही मिनिटं फिरवायला सांगा. दोन वर्षं प्रत्येक खेपेला पूर्ण लांबीवर रंग ओढला गेला असेल तर टोकांवर तो कितीतरी वेळा चढलाय, आणि एवढ्यावर कुठलाही कंडिशनर पुरत नाही. राठ झालेले दोन-तीन सेंटिमीटर त्याच दिवशी कापून घ्या.